होडीच्या बाहेरच्या लाकडाला काय लावावं, म्हणजे सारखी निगा राखावी लागणार नाही?

खाडीकाठ_कोथरूड

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे पण इथे सुतारकामवाले, रंगवाले, शिडाच्या होड्या चालवणारे सगळेच आहेत म्हणून इथेच विचारतो.

आम्हा तीन मित्रांची मिळून एक शिडाची छोटी होडी आहे, आंजर्ल्याच्या खाडीत असते. आम्ही तिघंही पुण्यात, ताम्हिणी उतरून तिथे पोचेपर्यंत शनिवारची सकाळ संपलेली असते. बॉडी फायबरची आहे त्यामुळे तिची काळजी नाही, पण बाहेर लाकूड बरंच आहे. दोन्ही कडांना जेट्टीचे धक्के खाणारी जाड पट्टी, कॉकपिटभोवतीची उभी पट्टी, वर धरायचे दांडे, बसायच्या फळ्या, हॅचची, म्हणजे आत उतरायच्या झाकणाची चौकट आणि सुकाणूचा दांडा. सगळं सागवान. ज्यांच्याकडून बांधून घेतली त्यांनी चकचकीत वार्निश करून दिलं होतं, पहिल्या वर्षी लोक थांबून बघायचे. आता दांड्यांच्या वरच्या बाजूला फुगे आलेत, जोडाशी काळे डाग, आणि कड नखाने उचलली की सेलोटेपसारखी पट्टीच्या पट्टी सुटून येते, खाली लाकूड फिकं पडलेलं दिसतं.

महिन्याकाठी एक शनिवार-रविवार मिळतो आणि त्यातला अर्धा घासण्यात जातो. मला चमक नकोय. लाकूड टिकावं आणि वर्षातून एकदा, एका सुट्टीत उरकेल एवढंच काम असावं. लोकांनी टीक ऑइल, पीयू (पॉलियुरेथेन), सेटोल (रंगद्रव्य घातलेलं अर्धपारदर्शक फिनिश), सरळ ऑइलपेंट आणि काहीच लावू नका असे सगळे सल्ले दिलेत. ज्यांनी हे समुद्रावर करून बघितलंय त्यांनी प्लीज सांगा.

टवाळ_टिळकरोड

आधी फोटो टाका. पुण्यात बसून माझी होडी आहे म्हणणाऱ्याकडे पुरावा मागायची पद्धत आहे :)

मीठवारा

कोथरूडकर, पहिल्याच झटक्यात वार्निश सोडू नका हो. वार्निश वाईट नसतं, ते वेळेवर न दिलेलं वाईट असतं. तुम्हाला बोटबांधणीवाल्याने किती हात दिले होते ते विचारा, बहुतेक वेळा तीन-चार हात मारून होडी ताब्यात देतात. बाहेरच्या लाकडाला कमीत कमी सहा ते आठ हात लागतात. पहिला हात निम्मं थिनर घालून पातळ, म्हणजे लाकडात मुरतो, दुसरा थोडा घट्ट, मग पुढचे जवळपास डब्यातल्यासारखे. प्रत्येक दोन हातांमध्ये २२० नंबरचा पेपर, शेवटी ३२०, धूळ पुसून पुढचा हात. आणि वार्निशही समुद्रावरचं घ्यायचं, टंग तेल आणि फिनॉलिक रेझिनवालं, ज्यात यूव्ही फिल्टर असतो आणि जे लाकडाबरोबर थोडं ताणलं जातं.

एवढं केलं की पुढे वर्षातून दोनदा, पाऊस संपल्यावर एकदा आणि मार्चमध्ये एकदा, हलकं घासून एक-एक हात. फुगा यायच्या आत. फुगा आला की सगळं खरवडावं लागतं, आणि तुम्ही आत्ता नेमके तिथे आहात. सागाला वार्निशमधून जो रंग येतो तो दुसऱ्या कशाने येत नाही, माझ्यासाठी होडी म्हणजे तो रंग.

पेठेतला_सुतार

मी होडीवाला नाही, दारं-खिडक्या आणि फर्निचर करतो, पण लाकूड तेच आहे म्हणून लिहितो.

तीन गोष्टी. एक, पुण्यातल्या पॉलिशवाल्याला बाहेरचं काम सांगितलं की तो त्याच्या हातात बसलेलं मेलामाइन नाहीतर लॅकर मारून देतो. ते घरातल्यासाठी आहे. उन्हात पांढरं पडतं, तडकतं. फ्रेंच पॉलिश तर लाखेचं, पाणी लागलं की पांढरे डाग. दोन, तुमचं सागवान कुठलं आहे? सीपी टीक म्हणजे मध्य भारतातलं आहे, बर्मा आहे की आफ्रिकेतून येतं ते, आणि मुख्य म्हणजे गाभ्याचं आहे की कडेचं पांढरं पण त्यात आलंय? पांढऱ्या भागाला सागाचा गुण नसतो, त्याला कीड लागते आणि ओलं राहिलं की कुजतं. तुम्ही वरून सोनं लावलं तरी तो भाग जाणार. खरवडल्यावर बघा, फिकट पट्टा दिसला तर तेवढा तुकडा बदला.

तीन, स्क्रू. काळे डाग म्हणताय ते जोडाशी आणि स्क्रूच्या डोक्याशी आहेत का? लोखंडी स्क्रू असतील तर लोखंड आणि ओलं सागवान मिळून काळं पडतं. वरून काहीही लावा, स्क्रू बदलल्याशिवाय डाग परत येणार.

शेवंती

विषयांतराबद्दल आधीच क्षमा, पण आमच्या गच्चीवर सागवानी झोपाळा आहे, त्याचं पण हेच झालंय. दोन पावसाळे काढले आणि पाट चटचट निघायला लागला. होडीला जे सांगाल ते झोपाळ्याला चालेल का?

पेठेतला_सुतार

ताई, झोपाळ्याला सोपं आहे. मे महिन्यात पाट काढून आत ठेवता येतो, होडी आत नेता येत नाही. पाट खरवडून कोरा करा आणि पातळ तेल पुसून घ्या, पावसाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. बसायची जागा आहे, जाड थर कशाला हवा.

रेणूबंध

रंग-रसायनात काम करतो म्हणून वार्निश का सुटतं ते लिहितो, कारण तेवढं कळलं की निवड आपोआप होते.

लाकडात लिग्निन असतं, ते तंतूंना धरून ठेवतं. सूर्याची अतिनील किरणं लिग्निन तोडतात. पारदर्शक थरातून उजेड आत जातोच, पारदर्शक म्हटल्यावर जाणारच. म्हणजे वार्निश वरून शाबूत दिसत असतं तेव्हा त्याच्याखालची लाकडाची पहिली पातळ पापुद्री कमजोर होत असते. मग जोडातून, स्क्रूच्या भोकातून, फळीच्या आडव्या टोकातून थोडं पाणी शिरतं, लाकूड फुगतं, आणि थर त्या कमजोर पापुद्रीला घेऊन सुटतो. कोथरूडकरांनी नखाने उचललेली पट्टी उलटी करून बघावी, तिला आतून लाकडाचे बारीक तंतू चिकटलेले दिसतील.

यूव्ही फिल्टर हे काम लांबवतो, थांबवत नाही, आणि फिल्टरही झिजतो. म्हणून मीठवारांचा वर्षातून दोनदा नवीन हात बरोबर आहे, तो चमकीपेक्षा फिल्टर भरून काढायला लागतो. याउलट थरात रंगद्रव्य असेल तर उजेड अडतो. जितकं अपारदर्शक तितकं आयुष्य जास्त. सगळ्यात टिकाऊ म्हणजे साधा रंग, मग सेटोलसारखे अर्धपारदर्शक, सगळ्यात अल्पायुषी पारदर्शक. निगा कमी पाहिजे असेल तर हा क्रम उलटा करता येत नाही.

मीठवारा

रेणूबंध यांच्याशी सहमत, फक्त एवढंच की सागवान विकत घेऊन त्यावर क्रीम कलरचा ऑइलपेंट मारायचा तर मग साग कशाला.

रंगीत_होडी

साग कशाला? टिकतो म्हणून. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी ब्रिटिश नौदलासाठी ट्रिंकोमाली बांधली, मलबारी सागाची, ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. ती बाहेरून रंगवलेली आहे. साग दाखवायला वापरला नव्हता, दोनशे वर्षं टिकावा म्हणून वापरला होता. कोकणातल्या कुठल्याही बंदरावर उभे राहा आणि सांगा, किती मच्छीमारांनी वार्निश केलंय? त्यांना रोज समुद्रावर जायचं असतं, ते रंग लावतात.

अंजनवेल

रंग आत्ता आला हो, पूर्वी तेल होतं. माझं माहेर गुहागरकडचं, आजोबांची लाकडी होडी होती. मुशीच्या, म्हणजे शार्कच्या यकृताचं तेल काढून ते आतून-बाहेरून लावायचे, वास इतका की आजी होडीवरून आलेल्याला पडवीतच थांबवायची. काजूच्या टरफलाचं तेल पण लावायचे, ते काळंकुट्ट आणि जाड, लाकडाला कीड लागू देत नाही. पण ते अंगावर उडालं की फोड येतात, काजूचा चीक लागल्यावर येतात तसेच, म्हणून आम्हा पोरांना त्या दिवशी किनाऱ्यावर जाऊच द्यायचे नाहीत.

पण मला सांगायचंय ते वेगळं. पावसाळ्याआधी होडी ओढून वर घ्यायची आणि नारळाच्या झापांनी शाकारायची. चार महिने ती झापाखाली. आत वारा खेळता राहील अशी दोन्ही टोकं उघडी ठेवायची. आताही एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बंदरात बघा, लाकडी होडी असेल तर ती शाकारलेली असणार. काय लावता यापेक्षा झाकता की नाही हे आमच्याकडे जास्त महत्त्वाचं होतं. कोथरूडकर, तुमची होडी महिनाभर उघडीच असते ना?

खाडीकाठ_कोथरूड

इतके प्रतिसाद, मनापासून आभार. एकेक उत्तर देतो.

@पेठेतला_सुतार, स्क्रू चुंबकाला चिकटतात, आणि काळं नेमकं तिथेच आहे. लाकूड सीपी टीक म्हणून घेतलं होतं, एका बसायच्या फळीला कडेला फिकट पट्टा आहे, तो आता डोळ्यांसमोर आला. @रेणूबंध, पट्टी उलटी करून बघितली, तंतू आहेत! @अंजनवेल, हो, उघडी. पावसाळ्यात वर घेतो आणि निळी ताडपत्री बांधतो, एरवी काही नाही. ताडपत्री वाऱ्याने फडफडून कडा घासल्या जातात आणि काढल्यावर आत सगळं ओलं असतं.

राखाडी_साग

माझं मत एका वाक्यात: काहीच लावू नका.

आता सविस्तर. साग हे असं लाकूड आहे की त्यात स्वतःचं तेल आणि सिलिका आहे, त्याला वरून संरक्षण लागत नाही, दिसायला लागतं म्हणून आपण लावतो. कोरा ठेवला की काही महिन्यांत रुपेरी राखाडी होतो. तो राखाडी थर म्हणजे वरचे उन्हाने धुतलेले तंतू, खाली लाकूड जसंच्या तसं. जगभर मोठ्या शिडाच्या बोटींचे डेक असेच कोरे असतात, कारण ओल्या कोऱ्या सागावर पाय घसरत नाही, वार्निशवर घसरतो. निगा म्हणाल तर बादलीभर समुद्राचं पाणी आणि मऊ ब्रश. ब्रश रेषांना आडवा फिरवायचा, उभा फिरवला की मऊ भाग निघून जातो आणि लाकूड खाचरं होतं. प्रेशर वॉशर लावायचा नाही आणि कॉस्टिकवालं क्लीनर तर अजिबात नाही, ते दरवेळी थोडं लाकूड खाऊन जातं.

गोड्या पाण्यापेक्षा खारं पाणी बरं, मिठामुळे बुरशी कमी येते. लाकूड कुजतं ते पावसाच्या साचलेल्या पाण्याने.

मीठवारा

आणि तेलाचे डाग? माशाचं रक्त, सनस्क्रीन, चहा? कोऱ्या सागावर पडलं की आत मुरलं. शिवाय पातळ पट्टी असेल तर घासून घासून संपते.

राखाडी_साग

पातळ पट्टीला नाहीच सांगत. धक्के खाणारी जाड पट्टी आणि बसायच्या फळ्या यांच्याबद्दल बोलतोय. जेट्टीला रोज घासणाऱ्या पट्टीला वार्निश करण्यात काय अर्थ आहे ते तुम्हीच सांगा. पहिल्या धक्क्याला टवका उडतो आणि तिथून पाणी शिरतं. डाग पडला तर पेपर मारायचा, संपलं.

मीठवारा

धक्क्याच्या पट्टीपुरतं मान्य.

टवाळ_टिळकरोड

मीठवारा आणि राखाडी साग यांचं एकमत झालं, या धाग्याची नोंद ठेवा. वाचनखूण साठवली.

सिंहगड_रोड

मी टीक ऑइलवाला. सोपं आहे, कापडाने लावा, वीस मिनिटांनी पुसा, फुगे नाहीत, खरवडणं नाही, पुढच्या वेळी परत वरून लावा. घरच्या बागेतल्या टेबलाला वर्षानुवर्षं लावतोय.

रेणूबंध

बागेतल्या टेबलाला उत्तम. समुद्रावर प्रश्न असा की तेलाचा थर नसतो, त्यामुळे उन्हात ते लवकर संपतं. कोकणच्या उन्हात दोन-तीन महिन्यांनी परत लावावं लागेल. टीक ऑइल म्हणून मिळतं त्यात बहुतेक वेळा जवस किंवा टंग तेल, थोडं रेझिन आणि बरंच थिनर असतं. जवसाचं, म्हणजे आपलं बेलतेल, दमट हवेत काळी बुरशी पोसतं, सागाचा रंग मळकट काळा होतो. टंग तेल त्या मानाने बरं. कोथरूडकरांच्या वर्षातून एकदा या अटीत तेल बसत नाही.

आणि एक फार महत्त्वाचं, सगळ्यांसाठीच. बेलतेल किंवा टंग तेल लावलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. सुकताना त्या गरम होतात, ढिगात उष्णता अडकते आणि आपोआप पेट घेऊ शकतात. एकेक चिंधी पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. हॅचच्या आत तर कधीच ठेवू नका.

शेवंती

बापरे, हे माहीतच नव्हतं. झोपाळ्याच्या चिंध्या पसरून वाळवते.

संगम_वल्हवाला

अवांतर आहे पण उपयोगी पडेल. कॉलेजात असताना सीओईपीच्या बोटक्लबवर होतो, रेगाटाच्या आधी वल्ह्यांचं काम निघायचं. दांड्याला आणि पात्याला वार्निश, पण मूठ कोरी. वार्निशवर ओला हात सरकतो आणि फोड येतात, कोऱ्या लाकडावर पकड बसते. कोथरूडकर, तुमचे वरचे धरायचे दांडे याच हिशोबाने बघा. भरतीच्या लाटेत पाय निसटला तर ज्याला धरायचं ते चकचकीत कशाला?

खाडीकाठ_कोथरूड

@संगम_वल्हवाला, हा मुद्दा मनाला लागला. मुलं बरोबर असतात.

पीयू_पाषाण

दोन भागांचं पीयू कोणीच का सांगत नाहीये? डब्यात हार्डनर मिसळून मारायचं. साध्या वार्निशपेक्षा कितीतरी कठीण, ओरखडे येत नाहीत. फक्त दुकानदाराला अॅलिफॅटिक आहे का ते विचारायचं, दुसरं जे स्वस्त असतं ते उन्हात पिवळं पडतं. खाली इपॉक्सीचे दोन हात दिले तर लाकूड पूर्ण बंद होतं.

रेणूबंध

बरोबर आहे, पण तीन अटी. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, उघडं राहिलं तर खडूसारखं होतं, म्हणून वर यूव्ही फिल्टरचा थर कायम हवाच, म्हणजे निगा संपली नाही. सागाच्या तेलकटपणामुळे इपॉक्सी लावायच्या आधी अॅसिटोनने पुसून लगेच लावावं लागतं. आणि कठीण थर हलणाऱ्या जोडावर तडकतो. होडीचे सगळे जोड हलतात. तडकला की आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही, आणि तो थर खरवडणं हे साध्या वार्निशच्या चौपट काम. मारताना मास्कही साधा चालत नाही, हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दम्यासारखा त्रास कायमचा लागू शकतो. सुकाणूच्या दांड्याला, जो एकसंध आहे आणि काढून आत ठेवता येतो, त्याला जरूर करा.

अलिबाग_परतीचा

सेटोल प्रकारातलं मी वापरतो, माझी होडी मांडव्याला असते. तीन पातळ हात, मध्ये घासायची गरज नाही, त्यात लोहाचं रंगद्रव्य असतं म्हणून ऊन अडतं. रंगात नारिंगी झाक असते, ती आवडावी लागते. वर्षातून एकदा स्कॉचब्राइटने चोळून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून एक हात. एका दिवसाचं काम. माझ्या मते तुमच्या अटीत लाकूड दिसायला हवं असेल तर हेच बसतं. आपल्याकडे मात्र सहज मिळत नाही, मागवावं लागतं, त्यामुळे डबा संपायच्या आधी सोय करा.

टवाळ_टिळकरोड

लाकूडच काढून टाका आणि प्लास्टिकचा खोटा साग बसवा, हा सल्ला अजून कोणी दिला नाही म्हणून मी देतो.

राखाडी_साग

दिला असता, पण मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी उभे राहून दाखवा मग बोलू. खऱ्या सागापेक्षा फार तापतो.

अंजनवेल

मी परत झाकण्यावर येते, कारण ते कोणी उचललंच नाही. इथे सगळे कुठला डबा घ्यावा यावर बोलतायत. महिन्यातले जे दोन दिवस होडी चालते त्या दिवशीचं ऊन लाकडाला लागणारच. उरलेले अठ्ठावीस दिवस ती नांगरावर नुसती उभी असते, त्या दिवसांचं ऊन वाचवलं तर कुठलाही थर कितीतरी जास्त टिकेल. विश्रामबागवाड्याची लाकडी कोरीव दर्शनी बाजू आठवा, १८०० च्या सुरुवातीची. तिला वर छप्पर आहे, ऊन-पाऊस थेट लागत नाही, म्हणून आपण आज ते नक्षीकाम बघतोय.

निळी ताडपत्री काढून टाका. ती हवा कोंडते आणि उन्हाने तिच्याच चिंध्या होतात. अॅक्रिलिक कॅनव्हास असतं, सनब्रेलासारखं, हॉटेलांच्या बाहेरच्या छत्र्यांना वापरतात ते. त्याचे सोयीचे तुकडे शिवून घ्यायचे. सगळी होडी झाकायची नाही, हॅचच्या चौकटीला एक टोपी, सुकाणूच्या दांड्याला एक पिशवी, कॉकपिटवर आडव्या दांडीवरून टाकलेलं एक तंबूसारखं छत, दोन्ही टोकं उघडी. पुण्यात ऑनिंग शिवणारे कितीतरी आहेत, मापं घेऊन जा, शिवून देतील. दोरा मात्र पॉलिएस्टरचा सांगा, सुती दोरा आधी कुजतो.

रेणूबंध

अंजनवेल ताईंशी शंभर टक्के सहमत. या धाग्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक सल्ला हाच.

मीठवारा

माझं वार्निश टिकतं त्याचं कारणही हेच आहे, मी ते आधीच लिहायला हवं होतं असं वाटतंय. माझ्या सगळ्या वार्निशच्या लाकडावर कॅनव्हासच्या पिशव्या आहेत.

जुनी_बोरी_आळी

लोखंडाच्या काळ्या डागांसाठी ऑक्झॅलिक अॅसिड. रविवार पेठेत, बोहरी आळीत केमिकलवाल्यांकडे पांढऱ्या स्फटिकांसारखं मिळतं. गरम पाण्यात विरघळवून ब्रशने लावा, वाळू द्या, मग भरपूर पाण्याने धुवा. विषारी आहे, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावून काम करा, वाळलेली पूड नाकात जाऊ देऊ नका. स्क्रू बदलल्यावर करा, आधी केलं तर फुकट. स्क्रू ३१६ ग्रेडचे स्टेनलेस घ्या, ३०४ ला खाऱ्या पाण्यात गंज धरतो.

खाडीकाठ_कोथरूड

मंडळी, दोन संध्याकाळ हा धागा परत परत वाचला आणि मित्रांशी बोललो. असं ठरलंय.

धक्क्याची पट्टी, बसायच्या फळ्या आणि वरचे धरायचे दांडे कोरे, राखाडी होऊ द्यायचे. फिकट पट्ट्याची फळी बदलायची. कॉकपिटभोवतीची पट्टी पातळ आहे आणि रोज उन्हात उभी, तिला रंग, मऊ वाळूच्या रंगाचा, कारण गडद रंग तापतो. याला घरून विरोध आहे पण मी ठाम आहे. हॅचच्या चौकटीला सेटोल प्रकारातलं, वर टोपी. सुकाणूचा दांडा पीयू, तो गाडीतून पुण्याला आणून घरी निवांत करतो. स्क्रू सगळे बदलणार. आणि कॉकपिटचं छत या महिन्यातच शिवायला टाकतो.

एकच प्रश्न राहिला. जुनं वार्निश काढायला रिमूव्हर वापरू का?

मीठवारा

दांडा वार्निशला... म्हणजे पीयूला ठेवलात, आनंद झाला :)

पेठेतला_सुतार

रिमूव्हर नको. खाली फायबर आहे ना, त्यावर थेंब पडला तर त्याची वरची कातडी मऊ पडते, आयुष्यभराचा डाग. हीट गन कमी तापमानावर, एका हाताने गरम करत दुसऱ्या हाताने खरवडणी मागे ओढायची, ढकलायची नाही. फायबरच्या कडेला हीट गन बंद करा आणि नुसत्या खरवडणीने काढा. खरवडणीला दर पाच-दहा मिनिटांनी कानस द्या, बोथट झाली की लाकडात घुसते. मग १२० चा पेपर, कोऱ्या ठेवायच्या भागाला तेवढं बास. रंग लावायच्या पट्टीला १८० पर्यंत या, थिनरने पुसा, प्रायमर.

रेणूबंध

स्क्रूच्या भोकांत नवीन स्क्रू बसवताना सीलंट घाला आणि फळ्यांची आडवी टोकं विसरू नका. पाणी सगळ्यात जास्त तिथून शिरतं. रंगवायच्या भागात टोकांना प्रायमरचे दोन हात जास्तीचे.

अलिबाग_परतीचा

मास्किंग टेप त्याच दिवशी काढा. कोकणच्या उन्हात दोन दिवस राहिली तर गोंद फायबरवर भाजून बसतो.

खाडीकाठ_कोथरूड

दिवाळीनंतरच्या शनिवारी सुरू करतोय मग. सकाळी किती वाजता हात मारायला घ्यावा?

अंजनवेल

त्या दिवसांत खाडीवर दव पडतं, सकाळी नऊ-दहापर्यंत लाकूड ओलं असतं. आधी हात फिरवून बघा. दहाला सुरू करा आणि तीनला थांबा, म्हणजे संध्याकाळचं दव पडायच्या आत थर धरतो, नाहीतर दुधाळ होतो. ऊन सरळ येत असेल तर तेच छत आडवं बांधून सावलीत काम करा. छत शिवून आधी आलं पाहिजे एवढं बघा, ऑनिंगवाल्यांकडे दिवाळीच्या आसपास गर्दी असते.

खाडीकाठ_कोथरूड

उद्याच मापं देऊन येतो.